गॅमा किरण स्फोट विझल्यावर त्याच्या दीर्घिकेत काय शोधायचं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. रत्नागिरीत एम.एस्सी. भौतिकशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला असलेल्या एका विद्यार्थिनीला प्रकल्पासाठी ‘जवळच्या गॅमा किरण स्फोटांच्या यजमान दीर्घिका’ (म्हणजे स्फोट ज्या दीर्घिकांत झाले त्या) हा विषय घ्यायचा आहे. तिच्या सरांचं म्हणणं असं, की स्फोट काही सेकंदांत संपतो. मग अब्जावधी ताऱ्यांच्या दीर्घिकेकडे बघून त्यातल्या एका मेलेल्या ताऱ्याबद्दल काय कळणार? शिवाय कॉलेजात मोठी दुर्बीण नाही आणि जूनपासून चार महिने आकाशच दिसत नाही. हे जमेल का?

जमेल. पण तुमच्या सरांचा आक्षेप रास्त आहे, त्यामुळे आधी त्याचंच उत्तर देते. मी बरीच वर्षं हेच काम करते आहे आणि माझं गाव वेंगुर्ल्याकडचं, त्यामुळे पावसाळ्याचा मुद्दाही मला परका नाही. त्याकडे शेवटी येते.

दोन सेकंदांहून जास्त चालणारे लांब स्फोट बहुतांशी फार जड ताऱ्याच्या मृत्यूतून होतात. सूर्याचं आयुष्य हजार कोटी वर्षांचं. असा जड तारा तीसेक लाखांपासून फार तर दोनेक कोटी वर्षांत संपतो. इथे एक सोपा हिशेब उपयोगी पडतो. सेकंदाला १ किलोमीटर वेगाने दहा लाख वर्षं प्रवास केला तर अंतर साधारण १ पार्सेक भरतं. तारा सेकंदाला १० किलोमीटर वेगाने पन्नास लाख वर्षं भटकला, तरी तो ५० पार्सेक, म्हणजे एकशे साठेक प्रकाशवर्षं सरकेल. दीर्घिकेच्या आकारापुढे हे काहीच नाही. तो जिथे मेला त्याच्या आसपासच जन्मला होता, आणि ज्या वायूतून जन्मला त्यातला बराचसा वायू अजून तिथेच आहे. तारा गेला तरी त्याच्या जन्माची परिस्थिती आपल्याला मोजता येते. सरांना पहिलं उत्तर हे द्या.

दुसरं उत्तर असं, की ती परिस्थिती का मोजायची याला ठोस कारण आहे. १९९३ मध्ये स्टॅन वूस्ली यांनी मांडलेल्या ‘कोलॅप्सार’ प्रतिमानानुसार, जड ताऱ्याचा गाभा कोसळून कृष्णविवर होताना तो वेगाने फिरत असेल तरच भोवती चकती बनते आणि ध्रुवांकडून झोत सुटतात. खगोलशास्त्रात हेलियमपलीकडच्या सगळ्या मूलद्रव्यांना ‘धातू’ म्हणतात. ताऱ्यात धातू जास्त असतील तर त्याचे वारे जोरदार होतात आणि ताऱ्याचं वस्तुमान व फिरकी दोन्ही वाहून नेतात. मग लांब स्फोट धातू कमी असलेल्या जागी जास्त व्हायला हवेत. हे भाकीत ताऱ्याकडे न बघता तपासता येतं. त्या जागेच्या वायूत ऑक्सिजन किती, एवढं मोजलं की झालं.

‘त्या जागेच्या’ हे शब्द मी मुद्दाम वापरले. तुमच्या विषयातला ‘जवळच्या’ हा शब्द त्यासाठीच महत्त्वाचा आहे, आणि नवखे विद्यार्थी नेमका तोच सोडून देतात.

जमिनीवरच्या चांगल्या वेधशाळेतून साधारण १ आर्कसेकंदापर्यंतचा (अंशाच्या ३६०० व्या भागाचा) तपशील सुटा दिसतो. प्रकाश लाल बाजूला किती सरकला याचं माप म्हणजे ताम्रसृती; ती जास्त, तितकी दीर्घिका दूर. ताम्रसृती १ असलेल्या दीर्घिकेत तेवढ्या कोनात सुमारे २६ हजार प्रकाशवर्षं मावतात. स्फोटांच्या यजमान दीर्घिका बहुधा लहान असतात, त्यामुळे तिथे अख्खी दीर्घिकाच एका ठिपक्यात येते आणि हाती लागते ती सरासरी. ताम्रसृती ०.१५ असेल तर तोच कोन साडेआठ हजार प्रकाशवर्षांचा होतो. ताम्रसृती ०.००८५ असेल तर जेमतेम पावणेसहाशे प्रकाशवर्षांचा. इथे प्रत्येक तारकानिर्मितीचा डाग वेगळा दिसतो, आणि ‘स्फोट कुठल्या डागात झाला’ हा प्रश्न विचारता येतो. दूरचे स्फोट संख्येने पुष्कळ आहेत, पण हा प्रश्न तिथे बहुतेक वेळा विचारताच येत नाही.

०.००८५ हा आकडा काल्पनिक नाही. २५ एप्रिल १९९८ ला बेपोसॅक्स उपग्रहाने एक स्फोट टिपला, जीआरबी ९८०४२५ (जीआरबी म्हणजे गॅमा किरण स्फोट, पुढचे आकडे वर्ष-महिना-दिवस). त्याच भागात एसएन १९९८बीडब्ल्यू हा विलक्षण जोरदार सुपरनोव्हा सापडला. तो ज्या ईएसओ १८४-जी८२ नावाच्या छोट्या सर्पिल दीर्घिकेत होता, ती सुमारे १२ कोटी प्रकाशवर्षांवर आहे. गॅमा किरण स्फोट आणि सुपरनोव्हा यांचा संबंध पहिल्यांदा इथे दिसला; पुढे मार्च २००३ मधल्या जीआरबी ०३०३२९ च्या वर्णपटाने तो पक्का झाला. आजही सुपरनोव्हासह दिसलेला सर्वांत जवळचा लांब स्फोट ९८०४२५ हाच. या एका दीर्घिकेचा अभ्यास नीट समजून घेतलात तर या शाखेतले बहुतेक सगळे वाद तुम्हाला कळतील, म्हणून जरा थांबून सांगते.

या दीर्घिकेत स्फोटाच्या जागेपासून सुमारे ८०० पार्सेकवर एक फार तेजस्वी डाग आहे. तिथे वुल्फ-राये तारे आहेत, म्हणजे बाहेरचं हायड्रोजनचं आवरण गमावलेले जड तारे. स्फोट व्हायचा तर तिथे व्हावा असं कुणालाही वाटेल, पण तो झाला शेजारच्या साध्या डागात. यावर एक मत असं, की तारा त्या गजबजलेल्या समूहातून फेकला गेला आणि वाटेत फुटला. वर दिलेला हिशेब इथे लावून पाहा: पन्नास लाख वर्षांत ८०० पार्सेक कापायला सेकंदाला १६० किलोमीटर वेग लागतो. अशक्य नाही, पण जड ताऱ्यासाठी हा वेग बराच आहे. दुसरं मत असं, की स्फोटाच्या जागीही पुरेसे तरुण, जड तारे आहेत, मग फेकला गेल्याची गोष्ट हवी कशाला? चिलीतल्या व्हीएलटी दुर्बिणीवरच्या म्यूज या उपकरणाने प्रतिमेच्या प्रत्येक बिंदूचा वर्णपट एकाच वेळी मिळतो. ते निष्कर्ष वाचल्यावर मी दुसऱ्या मताकडे झुकते. मात्र ही दीर्घिका ताम्रसृती १ वर असती तर दोन्ही डाग एकात मिसळले असते आणि आपण खुशाल म्हटलं असतं, की स्फोट वुल्फ-राये ताऱ्यांच्या वस्तीत झाला.

याच दीर्घिकेचा एक धागा आपल्या घाटावर येतो. नारायणगावजवळच्या खोडदला जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे, ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेनांची. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निरीक्षणांत तिने ईएसओ १८४-जी८२ मधल्या हायड्रोजनचं २१ सेंटीमीटरचं उत्सर्जन टिपलं. स्फोटाच्या यजमान दीर्घिकेतून हे उत्सर्जन पहिल्यांदाच मोजलं गेलं. वायू विस्कटलेला दिसला, जणू दीर्घिकेची अलीकडेच दुसऱ्या एखाद्या दीर्घिकेशी गाठ पडली असावी. तसं असेल तर ताज्या वायूतून जड तारे का जन्मले याचं उत्तर दीर्घिकेच्या इतिहासात आहे, एकट्या धातूंच्या प्रमाणात नाही. खोडदहून ही दीर्घिका दक्षिण क्षितिजावर कशीबशी १८ अंश वर येते. तेवढ्या उंचीवरून हे काम झालं, याचं मला आजही कौतुक वाटतं.

आता प्रत्यक्ष मोजायचं कसं ते. विजयदुर्गावरचे साहेबाचे कट्टे तुम्ही पाहिले असतील. १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास सूर्यग्रहणाची छाया तिथून गेली होती, आणि त्या ग्रहणात भारतात आलेल्या निरीक्षकांनी सूर्याच्या वर्णपटात जी पिवळी रेषा पाहिली ती पुढे हेलियमची ठरली. आपलं कामही रेषा वाचण्याचंच. हायड्रोजनची अल्फा रेषा ६५६३ अँगस्ट्रॉमला, बीटा ४८६१ ला, दोनदा आयनित ऑक्सिजनची ५००७ ला, नायट्रोजनची ६५८४ ला. या चार रेषा मिळाल्या की बरंच साधतं. त्या किती सरकल्या यावरून अंतर. अल्फा आणि बीटा यांचं गुणोत्तर धूळ नसताना सुमारे २.८६ असतं; त्याहून जास्त आलं तर मधली धूळ निळा प्रकाश खाते आहे. धुळीची दुरुस्ती केली की अल्फा रेषेच्या एकूण तेजावरून तारे किती वेगाने बनताहेत ते निघतं. नायट्रोजन आणि ऑक्सिजनच्या रेषांची हायड्रोजनशी तुलना केली की धातूंचं प्रमाण.

धातूंच्या बाबतीत मात्र फार जपून. रेषांवरून ऑक्सिजनचं प्रमाण काढण्याची अनेक सूत्रं आहेत आणि एकाच दीर्घिकेला ती वेगवेगळी उत्तरं देतात. टोकाला हा फरक पाचपटीपर्यंत जातो. एका पेपरातला आकडा एका सूत्राचा, दुसऱ्यातला दुसऱ्या सूत्राचा, आणि विद्यार्थी दोन्ही एका आलेखावर मांडून ‘कल’ शोधतो, हे मी वारंवार पाहिलं आहे. तो कल निसर्गाचा नसून सूत्रांचा असतो. तुम्ही पेपरांतून निष्कर्षाचा आकडा उचलू नका. रेषांची मूळ तीव्रता उचला आणि सगळ्या दीर्घिकांना स्वतः एकच सूत्र लावा. उत्तर ‘खरं’ आहे की नाही हा वाद बाजूला ठेवता येतो, कारण दीर्घिकांची आपसांतली तुलना तरी शाबूत राहते.

आणि तुलना नसेल तर या अभ्यासाला अर्थच नाही. ‘स्फोटाच्या जागी ऑक्सिजन सूर्याच्या निम्म्याहून कमी’ हे वाक्य एकटं काहीच सांगत नाही, कारण लहान दीर्घिकांमध्ये तो कमीच असतो. विचारायचं ते असं: त्याच जातीचे, रुंद रेषांचे ‘आयसी’ सुपरनोव्हा (ज्यांच्या वर्णपटात हायड्रोजन आणि हेलियम दिसत नाहीत) जिथे गॅमा किरण स्फोटाशिवाय झाले, त्या जागांपेक्षा इथे ऑक्सिजन कमी आहे का? मरियम मोजाझ आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये जवळच्या उदाहरणांवर नेमकी हीच तुलना केली, आणि स्फोटांच्या जागा धातूंनी गरीब निघाल्या. त्याआधी २००६ मध्ये अँड्र्यू फ्रुक्टर आणि सहकाऱ्यांनी हबलच्या प्रतिमांवरून दाखवलं होतं, की लांब स्फोट दीर्घिकेच्या सर्वांत उजळ भागांत एकवटतात, साधे गाभा-कोसळ सुपरनोव्हा तसे एकवटत नाहीत. हे दोन अभ्यास प्रकल्पाच्या सुरुवातीलाच वाचा. त्यांच्यानंतर अपवादही सापडले आहेत, धातूंनी समृद्ध असलेल्या यजमान दीर्घिकाही मिळाल्या आहेत. म्हणून मी ‘धातू कमी असतील तर स्फोटाची शक्यता वाढते’ एवढंच म्हणते, ‘धातू जास्त असतील तर स्फोट होत नाही’ असं म्हणत नाही.

इथवरचं सगळं लांब स्फोटांबद्दल. दोन न्यूट्रॉन तारे एकमेकांत विलीन होऊन होणाऱ्या स्फोटांना वरचा हिशेब लागू पडत नाही, उलटा पडतो. ती जोडी विलीन व्हायला शंभर कोटी वर्षंही घेऊ शकते, आणि न्यूट्रॉन तारा जन्मताना बसलेल्या धक्क्याने तिला सेकंदाला शंभर किलोमीटर वेग मिळाला असेल तर तेवढ्या काळात ती लाख पार्सेक दूर जाऊ शकते. १७ ऑगस्ट २०१७ चा स्फोट, गुरुत्वीय लहरींसह टिपलेला, एनजीसी ४९९३ या म्हाताऱ्या, नवे तारे जवळपास न बनवणाऱ्या दीर्घिकेत झाला. तिथल्या आजच्या वायूवरून त्या जोडीच्या जन्माबद्दल फारसं काही कळत नाही. कळतं ते त्या दीर्घिकेतल्या ताऱ्यांच्या वयावरून.

अशा भटक्या स्फोटांत मुळात घर कोणतं हेच ठरवणं कठीण असतं. भरतीने किनाऱ्यावर आणून टाकलेला नारळ कोणाच्या वाडीतला, हे सर्वांत जवळच्या माडाकडे बोट दाखवून ठरत नाही; आसपास माड किती दाट आहेत आणि प्रवाह कुठून येतो तेही बघावं लागतं. आपल्याकडे याचं गणित आहे: इतक्या तेजाची दीर्घिका आकाशाच्या एवढ्याशा तुकड्यात निव्वळ योगायोगाने सापडण्याची शक्यता किती? तेजस्वी दीर्घिका विरळ असतात, म्हणून ती थोडी लांब असली तरी योगायोग कमी. फिक्या दीर्घिका सगळीकडे विखुरलेल्या, म्हणून अगदी शेजारी असली तरी फारसा भरवसा नाही. ७ मार्च २०२३ च्या जीआरबी २३०३०७ए मध्ये हे फार सुंदर दिसलं. स्फोटाच्या जागेला खेटून एक फिकी, फार दूरची दीर्घिका होती. तरी यजमान मानली गेली ती ताम्रसृती ०.०६५ ची उजळ दीर्घिका, आणि स्फोट तिच्यापासून सव्वा लाखाहून जास्त प्रकाशवर्षं बाहेर होता. फिकी दीर्घिका खरी मानली असती तर स्फोटाची ऊर्जा न पटणारी निघाली असती. शिवाय जेम्स वेब दुर्बिणीच्या वर्णपटात टेल्यूरियम या जड मूलद्रव्याची खूण मिळाली, जी विलीनीकरणाकडेच बोट दाखवते.

हा स्फोट दोन सेकंदांहून कितीतरी जास्त चालला होता, हे ध्यानात ठेवा. ११ डिसेंबर २०२१ चा जीआरबी २११२११ए हाही असाच, लांब असून विलीनीकरणाचा. २००६ मध्ये जीआरबी ०६०६१४ ने पहिला धक्का दिला होता: शंभरेक सेकंद चाललेला, ताम्रसृती ०.१२५, आणि कसून शोधूनही सुपरनोव्हा नाही. म्हणजे केवळ कालावधीवरून जात ठरत नाही, आणि यजमान दीर्घिका व तिच्यातली स्फोटाची जागा हा आज जात ओळखण्याचाही पुरावा झाला आहे.

आतापर्यंतचं एका दमात सांगायचं तर: लांब स्फोट असेल तर त्या जागेचा वायू बोलतो, विलीनीकरण असेल तर दीर्घिकेचं वय आणि स्फोटाचं तिच्यापासूनचं अंतर बोलतं, आणि दोन्हीकडे तुलनेचा संच लागतो.

एक सावधगिरी तुमच्या प्रबंधात स्वतंत्र परिच्छेद म्हणून यायला हवी. जवळचे बहुतेक लांब स्फोट फार मंद आहेत. ९८०४२५, ०३१२०३, ०६०२१८, १००३१६डी हे सगळे नेहमीच्या स्फोटांपेक्षा कित्येक पटींनी कमी ऊर्जेचे. इतके मंद स्फोट दूर असते तर दिसलेच नसते, त्यामुळे जवळचा संच हा दूरच्या संचाचा नमुना आहे असं गृहीत धरता येत नाही. कदाचित त्यांची यंत्रणाही थोडी वेगळी असेल. ९ ऑक्टोबर २०२२ चा जीआरबी २२१००९ए याला मोठा अपवाद: ताम्रसृती ०.१५१ आणि आजवर नोंदलेला सर्वांत तेजस्वी स्फोट. पण तो आपल्या आकाशगंगेच्या पट्ट्याआडून दिसला, त्यामुळे मधल्या धुळीची दुरुस्ती मोठी करावी लागते. एका हातात मंद आणि बहुतांशी स्वच्छ उदाहरणं, दुसऱ्या हातात तेजस्वी पण धुळीआडचं, असा हा संच आहे. तो तसाच मांडा.

आता कोकण. या कामासाठी स्वतःचं आकाश लागत नाही. स्फोट विझल्यावर सुपरनोव्हाही मावळावा म्हणून आम्ही मोठ्या दुर्बिणींवरही वर्षभर थांबतो. घाई स्फोटाच्या रात्री असते, दीर्घिकेला नसते. ईएसओ (युरोपीय दक्षिण वेधशाळा), हबल आणि स्लोन सर्वेक्षण यांची आर्काइव्हज फुकट खुली आहेत. ०६०२१८ च्या जागेची स्लोनची प्रतिमा तर स्फोटाच्या आधीची आहे, सुपरनोव्हाचा प्रकाश मिसळण्याचा प्रश्नच नाही. नव्या स्फोटांची निरीक्षणं कळवणारी जीसीएन परिपत्रकं वाचायलाही पैसे लागत नाहीत. प्रतिमांच्या फाइली मोठ्या असतात, म्हणून त्या मे महिन्यातच उतरवून ठेवा. जूनमध्ये वीज आणि नेटवर्क दोन्ही कसे जातात ते तुम्हाला मी सांगायला नको.

स्वतः डोळ्यांनी काही पाहायचं असेल तर ईएसओ १८४-जी८२ चा नाद धरू नका. ती मध्यरात्री सर्वांत उंच यायची वेळ जुलैची, आणि सिंधुदुर्गातूनही ती दक्षिणेला २१ अंशांच्या वर जात नाही. मे महिन्याच्या पहाटे दिसली तरी समुद्राच्या दमट धुरकट थरातून. एनजीसी ४९९३ मात्र वासुकी तारकासमूहात आहे, मार्च-एप्रिलच्या रात्री ५० अंशांवर येते, आणि आठ-दहा इंची दुर्बिणीला गावापासून दूरच्या सड्यावरून सापडते. जागा निवडताना एलईडी लावून मासेमारी करणाऱ्या बोटींचा उजेड कुठल्या बाजूला असतो ते आधी बघा. त्या रात्रीतून प्रकल्पासाठी मोजमाप मिळणार नाही, पण ज्या विषयावर पुढचे सहा महिने घालवणार त्यातली एक तरी दीर्घिका स्वतः पाहावी असं मला मनापासून वाटतं.

प्रकल्प म्हणून माझी सूचना अशी. ९८०४२५, ०३१२०३, ०३०३२९, ०६०२१८ आणि १००३१६डी या पाच स्फोटांच्या जागांच्या रेषांची प्रसिद्ध झालेली तीव्रता गोळा करा. तेवढ्याच ताम्रसृतीपर्यंतच्या, स्फोटाशिवायच्या रुंद रेषांच्या आयसी सुपरनोव्हांची तशीच यादी करा. दोन्हींना धुळीची एकच दुरुस्ती आणि धातूंचं एकच सूत्र लावा. मग दुसरं सूत्र लावून निष्कर्ष टिकतो का ते पाहा. प्रत्येक उदाहरणात मोजमाप स्फोटाच्या जागेचं आहे की अख्ख्या दीर्घिकेचं, याचा वेगळा रकाना ठेवा. पाच उदाहरणांवर मोठा दावा करता येणार नाही, पण सूत्र बदललं की निष्कर्ष किती हलतो, हे एम.एस्सी.च्या पातळीवर पूर्ण आणि प्रामाणिक काम होईल. सुरुवात ९८०४२५ पासून करा. त्या एका दीर्घिकेच्या स्फोटाच्या जागेची, वुल्फ-राये डागाची आणि एकूण दीर्घिकेची अशी तीन मोजमापं शेजारी मांडून पहिल्या भेटीत सरांना दाखवा.